बॉनेटखालची चंदेरी शीट

कमल,

तुला स्मशानात नेऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दारावर माणसं बसली होती. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी नुसतंच जमिनीकडे बघत होतं. मी मधूनच उठलो, अंगणात गेलो आणि आपल्या पिकअपच्या बॉनेटला उलटा हात लावला. मग गालही लावला. तू दवाखान्यात गेलीस तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. पत्रा उन्हानं तापला होता, इंजिनानं नाही, हे मला कळत होतं. तरी लावला. तुझ्या भावानं ते पाहिलं आणि टॉवेलनं डोळे पुसले. त्याला वाटलं, दाजी गाडीला कवटाळून रडतायत. मी रडत नव्हतो. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी हेच करतो, हे फक्त तुला ठाऊक होतं. तू असतीस तर ओट्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं असतंस, "गाडीले ताप शे का, वैशूना बाप?"

तुझा तो आवाज! पिकअप चालवत इंजिनासमोर इतकी वर्षं बसून तुला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. मीठ मागायचीस तेही असं, की वाटावं पलीकडच्या गल्लीतून कोणी आणून देणार आहे. मी वैतागायचो. "मी आठेच शे, कमल, आठेच! वरडू नको." इथंच तर असायचो मी. तू हसायचीस आणि पुढचं वाक्य पुन्हा तितक्याच मोठ्यानं बोलायचीस. आता फ्रिज सुरू झाला तरी मी दचकतो.

तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला माझी भीती धड सांगता येत नाही. जिनिंगमध्ये माझं काम कापसाच्या गंज्या तपासायचं. गंजी वरून पांढरी शुभ्र दिसते आणि आत चार-चार दिवस धुमसत असते. धूर नाही, जाळ नाही. लांब लोखंडी सळई आत खुपसायची, थोडा वेळ राहू द्यायची, ओढून काढायची आणि गालाला लावायची. हाताला कळत नाही ते गालाला कळतं. सळई गरम लागली तर गंजी फोडायची. इतकी वर्षं माझा गाल कधी चुकला नाही आणि एका दुपारी चुकला. सळई कोमट लागली. मी म्हटलं, ऊन आहे, उन्हाचंच असेल. जेवायला बसलो, डब्याचं झाकण काढलं आणि बाहेर आरडाओरडा सुरू झाला. माणूस कोणी गेलं नाही, हे नशीब. पण त्या दिवसापासून "उन्हाचंच असेल" हे वाक्य मला पुरेनासं झालं. गरम काही दिसलं की मला त्याच्या आत शिरून बघावंसं वाटतं.

जिनिंग बंद पडली तेव्हा तुझ्या भावानं चाळीसगावहून स्वतःची जुनी पिकअप आणून दारात लावली. दाजी चालवतील, असं त्याच्या मनात होतं. दाजी तिच्यात बसलेसुद्धा नाहीत. समोर इंजिन, पायाशी इंजिनाची धग, आणि मागं माल कसला, तर केळीचे वेफर्स. तेलात तळलेले आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलेले. पेटायचंच म्हटलं तर याहून सोयीचं काही सापडायचं नाही. मी सरळ नाही म्हटलं. मग तू पदर खोचून बाजार समितीच्या पटांगणात पंधरा दिवस गाडी गोल गोल फिरवलीस, आणि सोळाव्या दिवशी चोपड्याहून धुळ्याला माल पोचवून आलीस. लोक हसले. वैशूचा बाप ओट्यावर बसतो आणि वैशूची आई गाडी हाकते, म्हणाले. मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही, खरंच. मला फक्त तुझी वाट बघण्याचं वाटायचं. तू आलीस, की आधी बॉनेटला गाल लावायचो आणि मग तुझ्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचो. हा क्रम चुकीचा होता. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण तांब्या आधी द्यायला हवा होता.

आणि मग ती गोधडी! जुन्या गाडीच्या बॉनेटला आतून काहीच लावलेलं नव्हतं, नुसता पत्रा. वैशाखात त्याचा रंग फोड येऊन उडायला लागला, काचेपुढची हवा थरथरताना दिसायची आणि आवाज तर असा, की फोन वाजलेला तुला कळायचा नाही. तू काय करावंस? वर्तमानपत्र पसरून, ब्लाउज बेततात तसं बॉनेटच्या आतलं माप काढलंस, जुन्या लुगड्याच्या दोन थरांत रुईचा कचरा भरलास, टाके घातलेस आणि ती इंजिनची गोधडी तारेनं आत बांधून टाकलीस. जिनिंगवाल्याच्या घरात, इंजिनाच्या डोक्यावर, कापूस! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुला वाटलं मी नाटक करतोय.

"कापूस पेटस, कमल," मी म्हणालो.

"मी रोज चुल्हासमोर बसस. माले नका शिकाडू."

"तेलाचा एक थेंब पडला त्यावर तर..."

"तुमनं नाक शे का फायर ब्रिगेडना भोंगा?"

हे भांडण आपण तीन वर्षं भांडलो. एवढ्या काळात गोधडी पेटली नाही, हे खरं आहे. तू ते मला दर आठवड्याला ऐकवायचीस. पेटली नाही म्हणून पेटणार नाही असं नसतं, हे मी तुला दर आठवड्याला ऐकवायचो. शेवटी मीच उठलो, बसनं धुळ्याला गेलो आणि हायवेवरच्या कुशनच्या दुकानातून ती शीट आणली. एका बाजूनं चंदेरी, दुसऱ्या बाजूनं काळा फोम. दुकानदारानं नीट समजावून सांगितलं. चंदेरी बाजू इंजिनाकडे, काळी बाजू पत्र्याला. पत्रा आधी अगदी स्वच्छ करायचा. चिकटवायचं सोल्युशन दोन्हीकडे लावायचं, जरा सुकू द्यायचं, मग दाबत जायचं, आणि एक दिवस बॉनेट उघडंच ठेवायचं. मी सगळं ऐकून घेतलं आणि दोन चुका केल्या.

पहिली चूक ही, की पत्रा मी डिझेलच्या बोळ्यानं पुसला. आपल्याकडे कोणीही हेच करतं. सायकलची चेन असो नाहीतर पाण्याची मोटर, काळं निघायला डिझेल. पत्रा चकचकीत झाला. त्या चकचकण्यात डिझेलचा पातळ थर होता आणि त्यावर सोल्युशन धरत नाही, हे मला आत्ता कळलंय. दुसरी चूक ही, की वारा सुटला, धूळ उडायला लागली, चिकट शीटवर माती बसेल म्हणून मी तासाभरात बॉनेट लावून टाकलं. पण त्या दिवशी मी खूश होतो. तुझी गोधडी काढून अंगणाच्या कोपऱ्यात टाकली. जिनिंगनंतर पहिल्यांदा मी आगीच्या विरोधात काहीतरी हातानं केलं होतं. संध्याकाळी तू गाडी चालू केलीस तर आवाज निम्म्यावर आलेला. तू काच खाली करून म्हणालीस, "बसा. एक चक्कर मारू."

आणि मी बसलो. कमल, मी बसलो! पुढची चार वर्षं मी तुझ्या शेजारी बसून धुळ्याला गेलो, आठवड्यातून एकदा तरी. तापीचा पूल आला की तू मुद्दाम विचारायचीस, "वास येस का?" मी नाक वर करून हुंगायचो आणि म्हणायचो, नाही. आपण अमळनेरला चहा घ्यायचो. परतताना रिकाम्या गाडीचा खडखडाट, तुझं ओरडून बोलणं आणि माझे पाय पुढे ताणलेले. त्या चार वर्षांत मी तुझ्याशी जेवढं बोललो तेवढं आधीच्या पंचवीस वर्षांत बोललो नव्हतो. घरी कोणी पाहुणा आला की मी त्याला अंगणात नेऊन बॉनेट उघडून दाखवायचो. "बघा, माझ्या हातची शीट. दाबून बघा." पाहुणे बिचारे बोट लावून बघायचे. तू मागं उभी राहून चहा धरायचीस आणि काही बोलायची नाहीस.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. तू आणि काही न बोलणं!

शीट लावून महिनाही झाला नव्हता तेव्हा तू एकदा एकटीच धुळ्याला गेलीस आणि उजव्या तळहाताला फडकं गुंडाळून आलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "खापरना चटका बसना." सकाळी वेफर्सवाल्यांच्या घरी पुरणपोळ्या होत्या, तिथं पोळ्या भाजायच्या तापल्या खापरावर हात टेकला म्हणे. मी तुला तासभर बोललो. चुलीसमोर लक्ष नसतं, वयाचं भान नाही, काय नि काय. तू मुकाट ऐकलंस. दोन दिवसांनी मी बॉनेट उघडलं, तर शीटचा एक कोपरा कापून तिथं दुसरा तुकडा लावलेला आणि चहूबाजूंनी काळ्या क्लिपा ठोकलेल्या. तू म्हणालीस, उंदरानं कुरतडली, धुळ्याच्या गॅरेजातल्या भिका मिस्त्रीनं नीट करून दिली. मला क्लिपांचा राग आला. माझ्या कामावर मिस्त्रीनं क्लिपा ठोकायची काय गरज? दोन दिवस मी फुगून बसलो. मग बाजारातून पिंजरा आणला आणि महिनाभर गाडीखाली लावत राहिलो, भाकरीचा तुकडा अडकवून. एक उंदीर सापडलासुद्धा. मी तो पिंजरा उचलून तुला दाखवायला आणला तेव्हा तू पदर तोंडात धरून आत पळालीस. मला वाटलं, उंदराला घाबरली.

तू गेल्यावर अकराव्या दिवशी भिका मिस्त्री धुळ्याहून दारावर बसायला आला. चहा घेतला नाही. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग माझ्याजवळ सरकून म्हणाला, "भाऊ, आते वहिनी नही ऱ्हायनी, म्हनीसन सांगस. वहिनीनी माले शपथ घालेल व्हती."

आणि त्यानं सांगितलं. तापीचा पूल ओलांडल्यावर तुला जळका वास आला. नाक माझं, असं आपलं ठरलेलं होतं, पण वास तुला आला. गाडी कडेला घेतलीस, बॉनेट उघडलंस. माझी शीट एका बाजूनं सुटून सायलेन्सरच्या लाल तापलेल्या पाइपवर लोंबत होती आणि कोपरा जळायला लागला होता. जवळ फडकं नव्हतं. तू ती उघड्या हातानं ओढून बाहेर फेकलीस आणि प्यायच्या बाटलीचं पाणी त्यावर ओतलंस. मागं वेफर्सच्या पिशव्या होत्या. मग विझलेली शीट गाडीत टाकून तशीच, एका हातानं गाडी चालवत, मिस्त्रीकडे गेलीस. तो म्हणाला, भाऊंना फोन लावतो. आणि तू त्याला म्हणालीस, "त्यास्ले सांगू नको, दादा. ते आतेच मना बाजूले बसाले लागनात. परत उतरी जातीन."

एवढं सांगून मिस्त्री रडायला लागला. मी त्याची पाठ थोपटली. चार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या आगीला मी आज घाबरतोय. भांडी घासताना, दाढी करताना तू मला त्या रस्त्यावर दिसतेस. बॉनेट उघडं, धूर, आणि तुझा हात आत. मी चुकलो त्या दुपारी गंजी जळाली, तेव्हा मी निदान तिथं होतो. या वेळी चुकलो तेव्हा मी ओट्यावर बसून शेंगा सोलत होतो.

आणि तू गेलीस कशानं? डोक्यातली एक नस फुटली. सगळ्या घरादारात मी वास घेत फिरलो, पण तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी कधी उलटून पाहिली नाही. अर्ध्याहून अधिक गोळ्या तशाच होत्या. घाबरायचं कशाला, तेही मला धड जमलं नाही.

तुझा राग येतो, हेही सांगून टाकतो. तू मला चार वर्षं दिलीस, मी मान्य करतो. तू खरं सांगितलं असतंस तर मी उतरलो असतो, पुन्हा कधी बसलो नसतो, आणि अमळनेरचे ते सगळे चहा झाले नसते. पण पोळलेल्या हातावर फुंकर घालायची सोडून मी तुला खापरावरून बोललो. पाहुण्यांपुढं मी शीट दाबून दाखवायचो आणि तू मागं तो तळहात चहाच्या कपाखाली लपवून उभी असायचीस. मला एवढं जपायची गरज होती का गं? होती. तेच तर वाईट वाटतं.

मग अखाजी आली, अक्षय्य तृतीया. तुझी पहिली अखाजी. नवी घागर भरली, वर खरबुजाचं डांगर ठेवलं, सांजोरी वैशूनं केली. तुझ्याइतकी खुसखुशीत नव्हती, तिलाही माहीत आहे. पितरांच्या नावानं निखाऱ्यावर आगारी टाकायची वेळ आली. दरवर्षी निखारे तू आणायचीस, मी लांबून तूप सोडायचो आणि तूप पेटून भडका उडाला की मागं सरकायचो, आणि तू हसायचीस. या वर्षी निखारे मीच आणले. तुझ्या नावानं घास टाकला, तूप सोडलं, भडका उडाला. मी मागं सरकलो. सरकणार नाही असं ठरवलं होतं, पण सरकलो. वैशूनं ते पाहिलं.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "नाना, सोमवारपासून माल मी नेणार आहे."

तुला यात नवल वाटणार नाही. तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडे, गाडी तू तिला कधीच शिकवली होतीस, जावयाचीही ना नाही. ना माझी होती. आपली गाडी आणखी जुनी झाली आहे. आतली शीट आता क्लिपांसकट लोंबायला लागली आहे, मिस्त्रीनं जाताना बघून तसं सांगितलंच होतं. मी म्हटलं, आधी मिस्त्रीकडे जाऊन शीट बदलून घे. मगच.

"मिस्त्री नको. तुम्ही लावा."

"माझ्या हातानं काय झालं होतं तुला माहीत आहे का?"

"माहीत आहे," वैशू म्हणाली. "आईनं सांगितलं होतं, तेव्हाच. तिचा हात मीच धुतला होता."

म्हणजे घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ती खाली बघून ताटं गोळा करायला लागली आणि म्हणाली, "स्वतःच्या हातची शीट असली तरच नाना शेजारी बसतात, असं आई म्हणायची. मला एकटीनं जायचं नाहीये, नाना."

मी नाही म्हणणार होतो. बायकोच्या वेळी चुकलेले हात आता लेकीच्या गाडीला लावायचे? पण मी न लावता ती गेली असती, तर मी पुन्हा ओट्यावरच बसलो असतो.

या वेळी डिझेलला हात लावला नाही. बॉनेट काढून अंगणात दोन बाजांवर उलटं ठेवलं. जुनी शीट सोलली, चिकटलेलं सोल्युशन लोखंडी पट्टीनं खरवडलं, थिनरनं पुसलं, मग भांड्याच्या साबणानं आणि कढत पाण्यानं तीनदा धुतलं. उन्हात वाळवलं. आणि मग मला जमतं ते केलं. पांढऱ्या रुईचा बोळा घेऊन पत्र्यावरून फिरवला. बोळा करडा निघाला. पुन्हा धुतलं. पुन्हा बोळा. पाचव्यांदा बोळा जसा गेला तसा पांढराच परत आला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. कापसानंच शेवटी मला खात्री दिली, हे ऐकून तू मला आयुष्यभर चिडवलं असतंस.

माप घ्यायला कागद शोधत होतो, तर ट्रंकेत तुझाच सापडला. गोधडीसाठी कापलेलं ते वर्तमानपत्र, घडी घालून ठेवलेलं. बिजागरीच्या जागी खाचा, मधल्या पट्ट्यांच्या जागी पेन्सिलच्या रेघा, सगळं बरोबर. मी तो कागद धुळ्याच्या त्याच दुकानातून आणलेल्या नव्या शीटवर पसरला आणि त्याच्या कडेनं कात्री चालवली. फक्त उजवा कोपरा वाळवीनं खाल्ला होता. तेवढा मी अंदाजानं कापला. सोल्युशन लावलं, सुकू दिलं, मधून कडेकडे दाबत गेलो. चहूबाजूंनी क्लिपा मारल्या, या वेळी फुगून न बसता. बॉनेट दीड दिवस उघडं ठेवलं. धूळ बसली तर बसू दे म्हटलं.

सोमवारी मी तिच्यासोबत जाणार होतो. सकाळी बूट घातले, गाडीपर्यंत गेलो आणि दार उघडून उभा राहिलो. मला बसता येईना. पाय उचलतच नव्हता. लाज वाटली, पण वाटून काय? मी तिला एवढंच म्हटलं, "तापीचा पूल ओलांडला की थांब. बॉनेट उघड आणि बघ. आणि काही झालं तर मला सांग. उंदीर नको, खापर नको. मला सांग."

"सांगेन," म्हणाली आणि गेली.

मी ओट्यावर बसलो. शेंगा सोलल्या नाहीत. अर्ध्या तासानं फोन वाजला.

"नाना, कोपरा सुटलाय. उजवीकडचा."

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. ती तिकडून ओरडत होती, जळालं नाही, काही जळालं नाही, नुसता लोंबतोय, मी गाडी बंद केली आहे. मी पिशवीत सोल्युशन, क्लिपा आणि कात्री कोंबली, चौकात जाऊन काळीपिवळी जीपमध्ये पुढची जागा धरली. वीस मिनिटांचा रस्ता मी हात गुडघ्यांवर दाबून काढला. शेतांतून कापसाची वाळली पऱ्हाटी जाळायचं चाललं होतं. प्रत्येक धूर मला आपल्याच गाडीचा वाटला.

पूल ओलांडला आणि वैशू दिसली. निंबाखाली गाडी, बॉनेट उघडं. तू थांबली होतीस ती जागाही इथंच कुठंतरी असणार. मी आत बघितलं. तुझ्या कागदानं सांगितलेला सगळा भाग पत्र्याला घट्ट धरून होता. वाळवीनं खाल्लेला तेवढाच कोपरा, मी अंदाजानं कापलेला, बोटभर लांब झाला होता. बॉनेट लावताना बिजागरीत सापडला आणि ओढला गेला. मी जास्तीचा भाग कापला, तेवढा पत्रा रुईनं पुसला, सोल्युशन लावलं, एक जास्तीची क्लिप मारली. क्लिप दोनदा खाली पडली. वैशूनं माझं मनगट खालून धरलं आणि क्लिप बसेपर्यंत सोडलं नाही.

"पुलावर थांब म्हणालात म्हणून थांबले," ती म्हणाली. "आई कोणी सांगितलं म्हणून थांबली नसती."

"नसती."

"घाबरलात?"

"हो."

"मी पण. खूप घाबरले, नाना."

हे तू मला एकदाही म्हणाली नाहीस. त्या दिवशी याच रस्त्यावर, जळका हात पोटाशी धरून, तूही घाबरली असशील. असणारच. माझ्या भीतीला घरात एवढी जागा लागायची, की तुझी तू कुठं ठेवायचीस, मी कधी विचारलं नाही. आपल्या लेकीनं मला तुझ्याहून कमी जपलं आणि ते मला इतकं बरं वाटलं, की तिथंच रस्त्याच्या कडेला मला रडू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

कोपऱ्याला आता क्लिप होती, तरी सोल्युशन वाळायला तास दिला. आम्ही निंबाखाली बसून वेफर्सची एक पिशवी फोडून खाल्ली. मग मी बॉनेट लावलं, दार उघडलं आणि पाय उचलला. उचलला गेला. शेजारी बसलो, हात गुडघ्यांवर. वैशूनं गाडी सुरू केली, गिअर टाकला. इंजिनाच्या आवाजात ती तुझ्यासारखीच बोलते, हे मी आजवर ऐकलंच नव्हतं.

"नाना!" ती ओरडली. "वास येस का?"

मी हुंगलं. डिझेल होतं, तेल होतं, पऱ्हाटीचा धूर होता, ताजं सोल्युशन होतं. नाक नुसतं भरून गेलं. यातला कुठला वास खरा, कुठला भीतीचा, मला ओळखता येईना. दाराची कडी हाताशी होती.

"मी आठेच शे!" मी ओरडलो, कमल, तुझ्याइतकंच मोठ्यानं.